नव्या गाडीची मागची सीट

६ फेब्रुवारी

विमा एजंट दर वर्षी एक जाडजूड डायरी देतो. आजवर तिच्यात शिकाऊ मंडळींच्या वेळा लिहीत आलो. सात ते आठ, बँकेतल्या बाई. आठ ते नऊ, बेकरीवाला. नऊ ते दहा वकीलसाहेब, आणि त्यांच्या नावापुढे कंसात ‘देव तारी’. यंदा वेळच वेळ आहे आणि शिकाऊ कोणी नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, रिकामा ड्रायव्हिंग मास्तर डायरी लिहितो.

हकिगत एवढीच, की चार महिन्यांमागे दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं मिटत चाललंय. गेलं ते गेलं, उरलेलं थेंब घालून राखायचं. डॉक्टरीणबाई माझ्याकडेच गाडी शिकलेल्या. “सर, गाडी चालवणं आजपासून बंद,” म्हणाल्या. “आणि मान वळवून बघायची सवय लावा.”

मान वळवून! भर चौकात मी त्यांच्यावर हेच ओरडलो होतो. मान वळवा बाई, आरसा अर्धंच सांगतो! बाईंनी ते व्याजासकट परत केलं.

शिकवायची गाडी गेल्या आठवड्यात विकली. तिच्याबरोबर माझा ब्रेकही गेला. अशा गाडीत शेजारच्या सीटपुढे मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकने अर्ध्या गावाचे प्राण वाचवलेत. आता जेवायला बसलो तरी टेबलाखाली माझा उजवा पाय काहीतरी दाबत असतो.

आणि आज चहाच्या वेळी बायको म्हणाली, “मी मोटारसायकल घेतेय.”

“कोणाला?”

“शेजाऱ्यांच्या मांजराला. कोणाला म्हणजे काय? मला.”

“वय काय तुझं?”

“तुमच्यापेक्षा चार वर्षांनी कमी. दर वर्षी तेवढंच असतं.”

मी म्हटलं, घ्यायचीच तर चारचाकी घे, मी शिकवतो. ती कपबश्या उचलत म्हणाली, “म्हणूनच नको. चारचाकीत तुम्ही शेजारी बसाल.”

९ फेब्रुवारी

गाडी आली. काळी, टाकीवर एक बारीक लाल रेघ. ती आली हे एक, ती चालवत कोण आलं हे दुसरं. बायको. एकटी. फाटकातून आत वळताना तिने पाय टेकला नाही, क्लच सोडून गाडी उडवली नाही, आणि दोन कुंड्यांच्या मधोमध अशी आणून उभी केली की मला काही बोलायला जागाच ठेवली नाही.

“कुठे शिकलीस?”

“बेडकाकडे.”

बेडूक म्हणजे माझा एके काळचा विद्यार्थी. क्लच सोडला की त्याची गाडी उड्या मारायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. आता त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं चांगलं मोठं वर्कशॉप आहे. घरात ड्रायव्हिंगचा मास्तर असताना माझी बायको तीन महिने बेडकाकडे जाऊन शिकत होती, आणि मला सांगत होती की दुकानात स्टॉक मोजणी चालू आहे.

“मला का नाही विचारलंस?”

“तुम्ही ओरडता.”

“मी कुठे ओरडतो?” असं मी ओरडलो.

१० फेब्रुवारी

सकाळी केस विंचरून, हेल्मेट घालून मागे बसायला निघालो. आपण होऊन. मन मोठं करून.

ती हातात माहितीपुस्तिका घेऊनच उभी होती. “नाही बसायचं. नवं इंजिन आहे. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत जड ओझं नको, असं लिहिलंय.”

“मी जड ओझं?”

“तुमचं नाव नाही लिहिलेलं. पण वर्णन जुळतं.”

हेल्मेट काढून ठेवलं. केस पुन्हा विंचरले, कारण आता तेवढंच काम उरलं होतं.

१३ फेब्रुवारी

ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. ती घाटापलीकडे राहते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिच्याकडे जात असे. ऊन असो, धुकं असो. तिचे गुडघे तिला फाटकापुढे जाऊ देत नाहीत, म्हणून ती फाटकाशी खुर्ची टाकून बसते आणि माझ्या गाडीचा आवाज खालच्या वळणावरून ओळखते. हे चार महिने मी गेलेलो नाही. डोळ्यांचं तिला सांगितलेलं नाही.

“गाडी कामाला दिलीय, ताई.”

“चार महिने? मेकॅनिककडे दिलीस की शिल्पकाराकडे?”

“पार्ट मिळत नाहीये.”

“मग बसने ये.”

बसने! या रस्त्यावरचे निम्मे बसड्रायव्हर माझ्या हाताखालून गेलेत. त्यांच्यामागे तिकीट काढून बसू? “बघतो,” म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको मोजे वाळत घालत होती. “सांगून का नाही टाकत?”

“सांगेन.”

“तुम्ही सांगेपर्यंत मी सांगणार नाही. पण खोटंही बोलणार नाही. पुढचा फोन मी घेतला तर फोन तुमच्या हातात देईन.”

ही बाई चपलाबुटांच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसून ती एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकली आहे. माणूस वर काय बोलतो त्याकडे लक्ष द्यायचं नाही, अंगठा कुठे टेकतो ते बघायचं.

१५ फेब्रुवारी

आज तांत्रिक मतभेद.

ती पहाटे रपेटीला जाते आणि दुकान उघडायच्या आत परत येते. मी गॅलरीतून कान लावून बसतो. कानांना काचबिंदू होत नाही. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. कुठे एक लय नाही. परत आल्यावर मी म्हटलं, “नवी गाडी चाळिसावर लावून ठेवायची. शांत, सरळ, एका वेगाने. आमच्या वेळी सगळे असंच करायचे.”

“आणि तुमच्या वेळच्या सगळ्या गाड्या ऑइल प्यायच्या.”

मग तिने मला समजावलं. आवाज न चढवता, हे विशेष. इंजिनात पिस्टनला रिंगा असतात, त्या सिलिंडरच्या भिंतीला घासून आपली जागा करून घेतात. त्यासाठी कधी ताण द्यायचा, कधी सोडायचा. मूठ पिळायची, पण पुरती नाही. वरच्या गिअरमध्ये रखडवायची नाही. उभी ठेवून नुसती गुरगुरत ठेवायची नाही. आणि एकच वेग धरून तर बसायचंच नाही. “तसं केलं की भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा जन्मात बसत नाहीत. मग गाडी चालते, पण धूर काढत.”

“हे कुठे वाचलंस?”

“थोडं वाचलं, थोडं बेडकाने सांगितलं, बाकीचं संसारात बघितलं.”

मी डोळ्यांत थेंब घालायला आत गेलो.

२१ फेब्रुवारी

सकाळी तिच्या दुकानात डबा द्यायला गेलो. पायी. चालताना माझ्या डावीकडून माणसं जमिनीतून उगवल्यासारखी येतात आणि मी दचकतो. दोघांना धडकलो. एकाने “आंधळा आहेस का?” विचारलं. “हळूहळू,” म्हणालो.

दुकानात एक तरुण चकचकीत कातडी बूट घालून आरशापुढे उभा. दुसऱ्या दिवशी त्याला नोकरीची मुलाखत होती.

बायको त्याला म्हणाली, “हे घ्या, पण उद्या घालू नका. उद्या जुनेच पुसून घाला. हे आधी घरात अर्धा तास. मग जिना चढा-उतरा. मग कोपऱ्यापर्यंत. घोट्याला कुठे बोचतं ते तेव्हा कळेल.”

“एवढं करायचं? बूटच आहेत, काकू.”

“मुलाखतीत तुमचं तोंड बोलणार, पण चेहरा टाचेकडे असणार.”

तो हसला आणि बूट घेऊन गेला. मालक गल्ल्यावरून म्हणाले, “मास्तर, तुमच्या बाईंच्या हातचा जोडा कधी परत येत नाही.” मी मान हलवली. तीस वर्षं मी माणसांना पहिल्याच दिवशी चौकात उतरवत आलो. भीती मोडते म्हणायचो. बेडूक त्या दिवशी गाडीतून उतरून चालत घरी गेला होता, ते आठवलं. का आठवलं, माहीत नाही.

३ मार्च

पहिलं सर्व्हिसिंग. मीही गेलो. एवढा हक्क असावा.

बेडकाने जुनं ऑइल खालच्या तसराळ्यात सोडलं आणि उन्हात धरलं. “सर, बघा.”

काळ्या तेलात बारीक चांदी. हजारो कण, हललं की लखलखणारे. मी घाबरलो. “अरे, हे तर इंजिन चाललं!”

“नाही सर. हा नवेपणाचा खडबडीतपणा. घासून निघतो आणि ऑइलबरोबर बाहेर पडतो. एवढी बारीक चकाकी म्हणजे गाडी हातात नीट आहे. आडदांडपणे चालवली असती तर कपच्या दिसल्या असत्या. काकूंचा हात म्हणजे...” त्याने नुसता अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली.

मी त्या तेलाकडे बघत राहिलो. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षाचं ऑइल कोणी काढून पाहिलं नाही. कपच्याच निघाल्या असत्या.

“आता डबलसीट?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आता खुशाल, सर. अगदी घाटात न्या.”

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. म्हणजे ती जिथे होती तिथे. पण ती तिथे नव्हती, डावीकडे सरकली होती.

“अजून नाही,” डावीकडून आवाज आला. “इंजिन मोकळं व्हायचंय.”

“पण हा म्हणतोय...”

“गाडी मी चालवते की हा?”

बेडूक एकाएकी स्पॅनर शोधायला लागला. निघताना त्याने तिला काउंटरवरून दोन रबरी पट्टे दिले, सामान बांधायचे, आकड्यांचे. दुकानाचे खोके न्यायचे असतील. म्हणजे बुटांचे खोके चालतात, नवरा चालत नाही.

८ मार्च

शेडमध्ये चोरी.

मैदानावर गाडी मागे घ्यायला शिकवताना मी खांब रोवत असे आणि वाऱ्याने पडू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी वाळूच्या पिशव्या ठेवत असे. आज खांब मोजले, बरोबर. पिशव्या मोजल्या तर दोन कमी. मी फाटकाला कुलूप घालावं की काय याचा विचार करतोय. वाळू चोरणारा चोर गरीब असणार की मूर्ख, एवढाच प्रश्न.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “कोणाला तरी उपयोग होत असेल.” हिचा हा चांगुलपणा मला कधीच झेपलेला नाही.

११ मार्च

आणखी एक पिशवी गेली. चोराची भीड चेपत चालली आहे.

गाडी धुवायचं काम माझ्याकडे आहे. निदान तेवढं तरी. मागच्या सीटच्या शिवणीत वाळू सापडली. रस्त्यावर फार धूळ झाली आहे, नगरपालिकेला कळवायला हवं.

शिवाय खुंटीवरचा माझा जुना हिरवा रेनकोट दिसत नाही. घर आहे की धर्मशाळा?

१४ मार्च

ताईचा फोन. बायकोने घेतला आणि म्हटल्याप्रमाणे माझ्या हातात दिला.

“अरे, पार्ट मिळाला का?”

“येतोय.”

“कुठून येतोय? चालत?” मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात, “तुझं माझ्यावर काही रागाचं आहे का रे? असेल तर सांग. खुर्ची आत घेते, म्हणजे रोज उचलून बाहेर ठेवायला नको.”

“तसं काही नाही, ताई,” एवढं म्हणालो. सांगायला तोंड उघडलं होतं. पण जी बाई माझ्या गाडीच्या आवाजावरून मला ओळखते, तिला सांगायचं काय, की आता आवाज येणार नाही? पाहुण्यासारखा कोणाच्यातरी मागे बसून येणार, गठ्ठ्यासारखा उतरणार?

बायको तेव्हा दारात उभी होती म्हणे. मला दिसली नाही.

१६ मार्च

आज जे ऐकलं ते लिहू की नको, या विचारात सकाळ गेली.

वरच्या रस्त्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. पहाटे झाडांना पाणी घालतात आणि गावभर लक्ष ठेवतात. दुधाच्या केंद्रावर भेटले तर माझ्यावर फुगलेले.

“काय हो मास्तर, वहिनींच्या मागे बसून जाता ते चांगलंच आहे, पण माणसाने ओळख तरी द्यावी.”

“कोणी?”

“तुम्ही! आठवडा झाला, रोज हात करतोय. तुम्ही आपले ढिम्म. वहिनी बिचाऱ्या मान हलवतात. तुम्ही दगड.”

“मी? मागे बसून?”

“मग काय मी? हिरवा रेनकोट, डोक्याला हेल्मेट. पाऊस नाही, पाणी नाही, रेनकोट कशाला, तेही मी विचारणार होतो. पण म्हटलं, लहरी माणूस.”

दूध न घेताच घरी आलो. रोज पहाटे माझ्या बायकोच्या मागे माझा रेनकोट घालून कोणीतरी बसतं. मला मात्र सांगितलंय, इंजिन मोकळं झालेलं नाही.

दिवसभर तिच्याकडे बघत होतो. तिने दोनदा विचारलं, “डोळे दुखतायत का?”

१७ मार्च

लिहितोच सगळं.

ती निघाली तसा मी मागच्या दाराने बाहेर पडलो. अंदाजाने मैदानाकडे गेलो. माझंच मैदान. तिथे चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवण्यासाठी मी मातीचा एक उतार बांधून घेतला होता. विजेच्या खांबाआड उभा राहिलो. खांब बारीक, मी रुंद, पण पुरतं उजाडायचं होतं.

ती आली. मागे तो. हिरवा रेनकोट, माझंच हेल्मेट, ताठ बसलेला. मी खांबाला आणखी चिकटलो.

उताराच्या मध्यावर तिने गाडी थांबवली. एक पाय टेकला. मागच्याने पाय टेकला नाही. त्याला पाय नव्हते. रेनकोटच्या खालून पोत्याची शिवण दिसत होती, आणि त्याला रबरी पट्टे आवळलेले.

आणि माझी बायको त्या पोत्याशी बोलत होती.

“हे बघा, आता चढ आहे. मागे ओढल्यासारखं वाटेल. धरून बसा. आणि पाय दाबू नका. दाबून काही होत नाही, नुसता तोल जातो.”

पोतं गप्प.

“अस्सं. शहाणे आहात.”

मग तिने गाडी उचलली. आता हे मी बायकोचा नवरा म्हणून लिहीत नाही, मास्तर म्हणून लिहितो. एवढं वजन मागे, कच्चा उतार, आणि गाडी तसूभर मागे आली नाही. क्लच नेमका जिथे पकडतो तिथे बोटं थबकली, इंजिनचा आवाज किंचित खाली बसला, आणि मग जसं कोणी झोपलेलं मूल उचलावं तशी गाडी वर गेली. शेकडो माणसांना हे शिकवलं. इतकं सुंदर कोणाला जमलेलं पाहिलं नाही. मलाही जमत होतं असं मी समजत होतो.

वर जाऊन वळली, खाली आली, परत थांबली. पुन्हा चढ. सहा वेळा की सात वेळा, मोजलं नाही. डोळे पुसत होतो. थेंबांमुळे पाणी येतं.

वाळूच्या तीन पिशव्या. आज परत जाऊन मोजल्या तर चार गेल्या होत्या. माझ्या वजनाला तेवढ्या लागतातच.

तिने मला पाहिलं नाही, याची खात्री आहे. जाताना खांबाजवळ तिने हॉर्न मात्र वाजवला. का कोण जाणे, रस्ता तर रिकामा होता.

१८ मार्च

रेनकोट खुंटीवर परत आला. झटकलेला, घडीच्या खुणा पडलेला.

चहा घेताना ती म्हणाली, “इंजिन बरंच मोकळं झालंय.”

“हो का?” म्हणालो. “घाई नको पण.”

“नाही, घाई नाहीच.”

१९ मार्च

पहाटे तिच्या आधी उठलो. रेनकोट अंगात चढवला, हेल्मेट घातलं आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. ती बाहेर आली, वर आकाशाकडे पाहिलं. एक ढग नाही. माझ्याकडे पाहिलं.

“पाऊस येईल म्हणता?”

“सांगता येत नाही.”

“बसा.”

बसलो. पहिल्या वळणावर माझा उजवा पाय फूटरेस्टवर कचकन दाबला गेला. गाडी जराशी हलली.

“अहो, लागत नाहीये.”

“काय?”

“तुमचा ब्रेक. पण दाबायचाच असेल तर सरळ खाली दाबा, बाजूला नको.”

दुसऱ्या वळणावर दाबला, तिसऱ्यावर दाबला. चौकात “मान वळव!” असं माझ्या तोंडातून निघणार, तोच तिने मान वळवली. दोन्हीकडे. मग आम्ही वरच्या रस्त्याने गेलो. पोस्टमास्तर झारी घेऊन उभे होते. मी दोन्ही हात वर करून हलवले.

त्यांनी तोंड फिरवलं. रागावलेत. त्यांचंही बरोबरच आहे.

घरी आल्यावर विचारलं, “कसा बसलो?”

तिने हातमोजे काढत विचार केला. “ठीक. थोडं बोलता जास्त.”

कोणापेक्षा, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

४ एप्रिल

आज पहिला रविवार.

ताईला कळवलं नव्हतं. काल रात्री तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. सकाळी बायको म्हणाली, “घाटाखालपर्यंत जाऊ. तिथे चहा घेऊ. मग तुम्ही म्हणाल तसं. वर, नाहीतर परत.”

घाटाखाली चहा घेतला. माझा गार झाला. समोर रस्ता वर चढत गेलेला. याचं एकेक वळण मला पाठ आहे, कुठे दरड झुकलीय, कुठे डांबर खचलंय. दोन माणसांच्या वजनाने नवं इंजिन तापेल, असं मी म्हणून पाहिलं.

“नाही तापणार. घाई केली नाही ना त्याची.”

“उतारावर परत येताना...”

“परत येतानाचं परत येताना.” मग कप खाली ठेवून ती म्हणाली, “वाटेत तुम्ही मला सांगत या. वळणं तुमची, मूठ माझी. ओरडायचं मात्र नाही.”

मी रेनकोटची बटणं लावली.

आणि सांगत गेलो. पुढे डावं वळण, आतून घट्ट. आता दुसरा गिअर बरा. इथे खडी असते. ती “हं” म्हणायची आणि तसं करायची. काही वेळा तसं करायची नाही, आणि तेच बरोबर निघायचं. इंजिन तालावर होतं. ताण आला की खोल जायचं, सुटला की हलकं व्हायचं. कुठे धाप नाही, कुठे कुरकुर नाही. मी मागे बसून कानांनी गाडी बघत होतो. एवढ्या वर्षांत मी हा घाट कधी ऐकलाच नव्हता. खाली एक ओढा आहे, त्याला आवाज आहे. ते आज कळलं.

खिंडीत पोचलो तेव्हा लक्षात आलं, की माझा उजवा पाय नुसता ठेवलेला आहे. कधीपासून, ते ध्यानात नाही.

ताई फाटकाशी खुर्चीवर. मोटारसायकलच्या आवाजाला तिने मान वर केली नाही. तिच्या लेखी ती कोणाची तरी गाडी. आम्ही पुढ्यात येऊन थांबलो. बायकोने हेल्मेट काढलं, तशी ताई काठीवर जोर देऊन उठली. मग मागे बघितलं. भर उन्हात हिरवा रेनकोट घातलेला तिचा भाऊ.

“मागे बसून आलास?”

“हो.”

“आणि ही चालवत होती? घाट?”

“अख्खा.”

मी उतरलो. गठ्ठ्यासारखाच उतरलो, पाय अवघडला होता. आता बोलायला हवं होतं. पार्ट, शिल्पकार, सगळं संपलं होतं.

“ताई, डोळे गेलेत माझे. म्हणजे सगळे नाही. समोरचं दिसतं. बाजूचं दिसत नाही. आता गाडी चालवता येणार नाही. कधीच. म्हणून आलो नव्हतो.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग काठी उचलून माझ्या पोटरीवर एक ठेवून दिली. बऱ्यापैकी जोरात.

“एवढंच? मी इथे बसून सहा महिने काय काय मनात आणलं! आणि म्हणे बाजूचं दिसत नाही. अरे, लहानपणापासून तुला समोरचं सोडून काय दिसलंय कधी?”

बायको हसायला लागली. आधी हळू, मग अनावर. हँडल धरून हसत होती, हातमोजे खाली पडले तरी हसत होती. इंजिन बंद करून झालं होतं आणि ते गार होताना टिकटिक आवाज करत होतं.

ती माझ्या डावीकडे उभी होती. मी मान वळवली. पूर्ण वळवली, खांद्यापर्यंत, जशी मी लोकांना सांगत आलो तशी.

सगळी दिसली.